दगडातला दात

कच्छहून आणलेल्या एका दगडात सुधाकररावांना शार्क माशाचा लाखो वर्षांपूर्वीचा दात दिसला होता. सहा महिने झाले, सुरतच्या बँकेतून घरी आले की ते सुई आणि जुना टूथब्रश घेऊन गॅलरीत बसत आणि दाताभोवतीचा दगड कणाकणाने टोकरत.

त्या रविवारी शैलजाबाईंनी सुरती कोलमचं ताट त्यांच्या पुढ्यात ठेवलं. “दगडांचाच नाद आहे, तर एवढे तांदूळही निवडून द्या.”

सुधाकररावांनी तांदळावरून एकदा हात फिरवला, “स्वच्छ आहेत,” म्हणून ताट परत केलं आणि पुन्हा सुई उचलली.

जेवायच्या वेळेला तो दात अखंड सुटून हातात आला. त्या आनंदात त्यांनी वरणभाताचा मोठा घास घेतला आणि कडकन आवाज झाला. ताटात आधी खडा पडला, मागोमाग कधीपासून हलणारा त्यांचा एक दात. शैलजाबाईंना हसू आवरेना.

“अगं, दात काय काढतेस?” गालावर हात धरून सुधाकरराव म्हणाले.



“मी कुठे काढला? खड्यानं काढला. तुम्हाला दगडातून काढायला सहा महिने लागले, त्याला एक घास पुरला.”