पिकअपची वाळूवरची परीक्षा

निवृत्तीनंतर मी जुनी पिकअप वाळूवरून मासेमारीला नेण्याजोगी केली. स्प्रिंगा बदलून ती उंच केली, रुंद टायर चढवले आणि टपावर गळाच्या काठ्यांसाठी लोखंडी घोडी स्वतः वेल्डिंग करून बसवली. दारातली ही ठोकाठोक सोसून सोसून पत्नीने अखेर निर्वाणीचा इशारा दिला.

“अहो, आज एक तरी मासा आणा, नाहीतर हे धूड विकायचं. आणि बाजारातून उचललात, तर मला बरोबर कळेल.”

समुद्रकिनारी संध्याकाळ झाली, तरी एकही काठी हलली नाही. तेवढ्यात काही अंतरावर आमचीच छोटी मोटार वाळूत चाकांच्या आसापर्यंत रुतलेली दिसली. माझी फजिती बघायला पत्नी जातीने आली होती आणि आता, मुद्दामच तिथे थांबल्यासारखी, काच खाली करून समुद्र न्याहाळत बसली होती. मी शीळ घालत पिकअप रुबाबात तिच्यापुढे नेली, दोर बांधला आणि मोटार एका दमात ओढून काढली.



पत्नीने केसांतली वाळू झटकली आणि ती म्हणाली, “घरी कुणी विचारलं, तर मोठा मासा लागला होता, एवढंच सांगा.”