दीडच्या सूचना

"झायनानं नवऱ्याचे कपडे गॅलरीतून खाली फेकले, त्यात त्याचे बूटही होते का हो?"

एकच्या बातम्या वाचून नाबोसानं माईक बंद केला आणि श्रोत्यांचा पहिला फोन हा आला. दुसऱ्याला गॅलरी कितव्या मजल्यावर आहे ते हवं होतं. तिसरी बाई चिडलेलीच होती.

"तुम्ही बातम्या फार लांबवता बाई. झायनाचं एकदम शेवटी सांगता, तेही घाईघाईत. माझी केळी शिजत ठेवलीत, मी किती वेळ कान लावून बसायचं?"

"ताई, त्याच्या आधी एका दवाखान्यावर बॉम्ब पडल्याचं सांगितलं मी. ऐकलंत?"

"ते होय? तेव्हा मी कांदा आणायला गेले होते."

नाबोसानं फोन आदळला. मसाकाच्या या लहानशा रेडिओ केंद्रावर ती आठवडाभर सीमेपलीकडच्या लढाईची बातमी वाचत होती. आवाज चढवून वाचली, उतरवून वाचली, आज तर मेलेल्या पोराचं नावसुद्धा सांगितलं. सगळं पालथ्या घड्यावर पाणी. गायिका झायना आणि तिच्या नवऱ्याचं भांडण मात्र गावातल्या कोंबड्यांनाही पाठ झालं होतं. तिला त्या झायनाचा राग येत नव्हता. राग येत होता तो कांदा आणायला गेलेल्या बाईचा.

केंद्राचा मालक आत आला. जुळ्यांचा बाप म्हणून सगळे त्याला मानानं सालोंगो म्हणत, आणि तोही प्रत्येक गोष्ट दोन मुलांना समजावावी तशी दोनदा सांगे.

"सोमवारपासून एकच्या बातम्या बंद. बंद म्हणजे बंद. त्या वेळात झायना."

"आणि जगात काय चाललंय ते?"

"जगाला म्हणावं, साबणाची जाहिरात आण. मग देऊ अर्धा तास."

"सालोंगो, माणसं मरताहेत तिकडे. लहान लहान पोरं."

"अगं पोरी, रडायला लोकांना घरचं पुरेसं आहे. रेडिओ लावतात ते जरा हसायला. हसायला!"

"मग दीडच्या सूचना ऐकताना हसतात वाटतं?"

"त्यांची गोष्ट वेगळी." सालोंगोनं तिच्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. "ती आपली माणसं असतात."

नाबोसानं सूचनांचे कागद उचलले, कारण दीड वाजत आले होते. मृत्यूच्या सूचनांची वेळ. ढोलाची संथ धून सुरू झाली की आख्ख्या मसाकात खाटीक सुरी खाली ठेवतो, फटफटीवाले इंजिन बंद करतात, भांडणाऱ्या जावा-जावासुद्धा गप्प होतात. कोण गेलं, कुणाचं गेलं, माती कुठं द्यायची, हे कळल्याशिवाय कुणी जागचं हलत नाही. त्यात एक शब्द ऐकायचा राहिला तर शेजारणीला विचारून घेतात.

तिनं हातातल्या सूचना वाचल्या. एक म्हातारा शिक्षक, एक बाळंतीण. मग कागद खाली ठेवला आणि त्याच आवाजात पुढे सांगू लागली.

"तारूम गावची हव्वा अत्यंत दुःखानं कळवते, की तिचा मुलगा इद्रिस, वय चार वर्षं, दवाखान्यात तापाच्या औषधासाठी आईबरोबर रांगेत उभा असताना वारला. त्याला आज संध्याकाळी दवाखान्याच्या मागच्या मोकळ्या जागेत माती देतील. ही सूचना इद्रिसच्या मामांना, मावश्यांना, काकांना, आणि जे कुणी त्याचे असतील त्या सगळ्यांना आहे."

देशाचं नाव तिनं घेतलं नाही. या सूचनांमध्ये देश सांगायची पद्धतच नाही. गाव सांगतात, आणि कोण कुणाचं ते सांगतात.

धून संपायच्या आत सालोंगो दार ढकलून आत आला.

"हे कुणी दिलं? पावती कुठाय? पावती?"

"मी दिलं. माझ्या पगारातून कापा."

"ती हव्वा तुझी कोण लागते?"

"कुणी नाही."

"तेच, तेच ते! बातमीला कुणी विचारत नाही म्हणून मयताच्या सूचनेत घुसवतेस? लोकांचा या एका गोष्टीवर विश्वास आहे, तोही घालव. सोमवारची कशाला वाट बघायची, आजच—"

फोन वाजला.

"घे. झायनाचंच असणार." सालोंगोनं स्वतःच बटण दाबून आवाज मोठा केला. "ऐक तू पण. लोकांना काय हवंय ते तुझ्या कानांनी ऐक."

म्हातारीचा आवाज होता. मागे बायकांचा गलबला ऐकू येत होता.

"पोरी, मी बुकाकाटाहून बोलते, तळ्याकाठून. आम्ही मयताच्या घरच्या चुलीला लाकडं गोळा केलीत, केळीचे दोन घड घेतलेत. हे तारूम कुठल्या रस्त्याला लागतं गं? गाडीवाल्याला ठाऊक नाही म्हणतो. उतरायचं कुठं तेवढं सांग."

नाबोसाऐवजी सालोंगोच फोनकडे वाकला.

"आजी, ते आपल्याकडचं गाव नाही. सीमेच्या पलीकडे आहे, फार लांब. तिकडे लढाई चालू आहे. तुमच्यानं जाणं व्हायचं नाही."

"लढाई?"

"हो. तिकडची बातमी आहे ती. चुकून सूचनांमध्ये आली."

पलीकडे म्हातारीनं बायकांना काहीतरी सांगितलं. सालोंगो बटणाकडे हात नेणार, तेवढ्यात ती पुन्हा बोलली.

"बरं. मातीला पोचणं होत नाही, ते कळलं. पण मग आज रात्री त्या बाईपाशी बसायला कोण आहे?"