जिन्याचं कुलूप

समजा, तुम्ही नऊ वर्षांचे आहात आणि तुमच्या हातात एक कुलूप आहे. नवंकोरं, पितळी, दाबलं की खटकन बसणारं. त्याची चावी दोऱ्यात ओवून तुमच्या गळ्यात घातली आहे. आईने फर्मावलंय, जिन्याच्या जाळीला ते लाव. जाळीपलीकडे पायऱ्यांवर ताया उभ्या आहेत आणि त्या आईकडे नाही, तुमच्याकडे बघताहेत. सांगा, काय कराल?

घाई करू नका. बिट्टीलाही ते लगेच सुचलं नव्हतं.

बिट्टीच्या घराच्या वरच्या मजल्यावर विद्यापीठातल्या मुली भाड्याने राहायच्या. त्यातली एक जंतूंचा अभ्यास करायची. जंतू नुसते दिसत नाहीत, त्यांना जांभळ्या रंगात बुडवून भिंगाखाली बघावं लागतं. त्यामुळे तिची बोटं कायम जांभळी. बिट्टी तिला जांभळीताईच म्हणायची. एकदा हट्टाने बिट्टीने आपल्या नखावरही एक थेंब लावून घेतला होता. साबण झाला, लिंबू झालं, फरशीवर घासून झालं. रंग ढिम्म हलला नाही. शाळेत बाईंची बोलणी खाल्ली ती वेगळीच.

विद्यापीठाच्या मागच्या फाटकातून घरी येताना वाटेत एक वळण होतं. तिथे दिवा नव्हता. बरेच दिवस कुणीतरी त्या अंधारात उभं राहायचं. शीळ घालायचं, मागे मागे यायचं, ओढणी खेचायचं. मुलींनी ते बिट्टीच्या आईला सांगितलं. आईने मुलींनाच चार गोष्टी ऐकवल्या. नीट कपडे घाला, खिदळत येऊ नका, फोन कानाला लावून चालू नका. मुलींनी ते सगळं केलं. वळणावर उभा राहणाऱ्याला मात्र कुणी एका शब्दाने काही सांगितलं नाही.

आणि काल संध्याकाळी त्याने जांभळीताईचा हात धरला.

ताई धापा टाकत थेट स्वयंपाकघरात आली. बिट्टी तिथेच जेवत होती. ताईने सांगितलं, की खिशात रंगाची बाटली होती, ती त्याच्यावर रिकामी केली. तोंड दिसलं नाही, पण त्याने मान फिरवली आणि रंग कानामागे बसला, आठवडाभर तरी जायचा नाही. उद्या पोलिसांना सांगणार. आईने तिला पाणी दिलं आणि म्हणाली, सकाळी बघू.

सकाळी बिट्टी उठली तेव्हा आई मोरीत दादाचा पांढरा शर्ट घासत होती. ब्रश मोडेल इतक्या जोराने. बादलीतलं पाणी जांभळं झालं होतं आणि कॉलर तशीच्या तशी.

"पेन फुटलं त्याचं," बिट्टीने विचारलंही नव्हतं तरी आई म्हणाली.

दादा चहाला आला तो गळ्याला मफलर गुंडाळून. बाहेर ऊन असं, की कावळाही सावली शोधत होता. सर्दी झालीय, तो म्हणाला. आईने त्याच्या कपाला साखर जरा जास्तच घातली. बिट्टीने आपलं नख वाकवून पाहिलं. कडेला तो डाग अजून होता.

दुपारी आई बाजारात जाऊन कुलूप घेऊन आली.

संध्याकाळी तिने सगळ्या मुलींना जिन्यात बोलावलं. आजपासून दिवेलागणीला जाळी बंद. कुलूप बिट्टी लावेल. जांभळीताई कळवळून म्हणाली, की तिचे जंतू संध्याकाळीच तपासावे लागतात, त्यांना घड्याळ कळत नाही. जाळी बंद झाली तर वर्षभराचा प्रयोग पाण्यात जाईल. कुलूप नको, वळणावर एक दिवा लावा, आणि आत्ता माझ्याबरोबर पोलिसांत चला.

"पोलीसबिलीस काही नको. घराची शोभा होईल," आई म्हणाली. तिने ताईकडे पाहिलं नाही. "ज्याच्यामुळे जिवाला घोर लागतो, त्याला कुलपात ठेवावं. म्हणजे सगळ्यांना सुखाने झोप लागते. बिट्टी, लाव."

अंगणापलीकडे दादाच्या खोलीचा दिवा लागला होता. दार उघडं होतं. मफलर खुंटीवर टाकून तो आरशासमोर भांग पाडत होता. बाहेर जायची तयारी. पाठ दाराकडे होती. कानामागून मानेवर उतरलेला जांभळा ओघळ अंगणातून दिसत होता. दादा शीळ घालत होता. ती ऐकली आणि जांभळीताईने जाळीचा गज घट्ट धरला.

आईलाही ती शीळ ऐकू आली. तिची नजर खाली, फरशीवर.

बिट्टीने हातातल्या कुलपाकडे पाहिलं, मग दादाच्या दाराकडे.

"त्यालाच ना?" तिने आईला विचारलं. "ज्याच्यामुळे घोर लागतो, त्याला?"



बिट्टी अंगण ओलांडून गेली. दादाच्या खोलीचं दार तिने ओढून घेतलं, टाचा उंचावून बाहेरची कडी लावली आणि कुलूप दाबलं. खटकन आवाज झाला. आतली शीळ थांबली.

"बिट्टी, चावी आण इकडे," आई म्हणाली. आवाज रागाचा नव्हता, घाबरलेला होता.

बिट्टीने दोरा गळ्यातून काढला. आईच्या पसरलेल्या हाताशेजारून ती पुढे गेली, जिन्याची जाळी सताड उघडली आणि चावी जांभळ्या बोटांत ठेवली.