पडद्यावरचा केवळराम

खुनाच्या केसमधून कोर्टानं केवळरामला निर्दोष सोडलं, पण बपेऱ्यात त्याच्या घरचा चहा कोणी घेत नव्हतं. मग त्याच्याच केसवर बेतलेला पिक्चर तुमसरला लागला. "पाहून तरी पटन लोकायले," म्हणत त्याच्या बायकोनं, गोदावरीबाईनं, टेम्पो करून केवळरामसकट अख्खा शेजार नेला.

अंधारात ती पडदा सोडून शेजारणींचीच तोंडं पाहत होती. जेलमध्ये हिरोला मारहाण झाली, तेव्हा शेजारची बायजाबाई मुसमुसली. जजनं निकालाचा कागद हातात घेतला, तशी गोदावरीबाई खुर्चीच्या कडेला सरकली. हिरो सुटला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

परतीच्या टेम्पोत बसल्याबरोबर तिनं भीत भीत विचारलं, "कसा वाटला वं?"

बायजाबाईनं पदरानं डोळे पुसले. "लई रडवलं. बिचाऱ्यानं खरंच काही केलं नव्हतं."

"तेच तं मी सांगून राहिली होती तुमाले."

तेवढ्यात केवळराम चढला आणि मोकळ्या जागी टेकला. बायजाबाईनं त्याच्याजवळ बसलेल्या आपल्या नातीला उचलून मांडीवर घेतलं.

"मी पिक्चरमधल्याचं बोलून राहिली, बाई," ती हळूच म्हणाली.