मॉडेलमधला कठडा

नवव्या मजल्याच्या अर्धवट बाल्कनीतून धाकटा गवंडी पडून दगावला, त्याच्या तिसऱ्या दिवशी बांधकामाच्या ऑफिसात चौकशी समिती बसली. इंजिनिअरने पडद्यावर इमारतीचे डिजिटल मॉडेल फिरवून दाखवले. त्यात वीट न् वीट जागच्या जागी होती आणि बाल्कनीला छातीइतका उंच कठडा होता.

"साहेब, तिथं कठडा नव्हताच," त्या दिवशी शेजारीच गिलावा करत असलेला, पडलेल्या गवंड्याचा थोरला भाऊ म्हणाला. "नुसती सुतळी बांधली होती. चला वर, दाखवतो. भावजयीला शब्द दिलाय, खरं काय ते लिहून आणतो म्हणून."

"अहो मिस्त्री, नऊ जिन्यांची तंगडतोड कशाला? हल्ली आम्ही जागा तपासतच नाही, मॉडेल तपासतो. ती काळ्या दगडावरची रेघ!" इंजिनिअर म्हणाला.

अध्यक्षांनी पडदा निरखला, मान डोलावली आणि लेखनिकाला मजकूर सांगितला: 'कठडा होता. एवढा उंच कठडा ओलांडून माणूस चुकून पडत नाही.' मग चष्मा काढून ते थोरल्याकडे वळले आणि विलक्षण मायेने त्यांनी विचारले,

 

"घरात काही भांडण झालं होतं का हो त्याचं?"