घरी बघायचं चॅनल

खांडबाऱ्याच्या हॉटेलात रिषभने शर्यतीआधीच टीव्ही बंद केला. परदेशात धावणारी संध्या फक्त त्याच्या डिशवरच्या परदेशी चॅनलवर दिसणार होती. तिला बघायला तिचे आईवडील, सुरुपसिंग आणि नानीबाई, डोंगरातून एसटीने आले होते. “वकील सांगस, घरमा दखा, पन हॉटेलमा गिऱ्हाइकले दखाडं तर कॉपीराइटना गुन्हा,” रिषभ वैतागून म्हणाला. “कोर्टाना निकालच तसा शे. मी काय करू?” “पोर आमनी, कॉपीराइट कोनना?” सुरुपसिंगने विचारलं. मागच्या घरातून रिषभची आई कंचनबाई कडाडली, “त्या कसाना गिऱ्हाईक? पाव्हना शेतस. घरमा लई ये त्यासले!” घरातल्या टीव्हीवर शेवटची फेरी चालू होती. संध्या पाचवी आली आणि गुडघ्यांवर हात टेकून धापा टाकू लागली. नानीबाई पडद्यापाशी जाऊन चिडून म्हणाली, “इतला लोक उभा शेतस, कोनी पोरले पानी तरी द्या!”