घराची संमती

चिप न बसवलेली मुलं सरकार उचलून नेतं, म्हणून मृण्मयीने निहारला छातीशी घट्ट धरलं होतं. न्यू जर्सीतल्या त्या घराच्या दाराबाहेर तपासनीस सबनीस उभे होते.

"आधी वॉरंट दाखवा," ती आतूनच म्हणाली. "अमेरिकेची राज्यघटना मंजूर होताना लोक हट्टाने भांडले, म्हणून हा हक्क लेखी मिळालाय."

"कबूल आहे, वहिनी. म्हणून तर बाहेर थांबलोय," सबनीस म्हणाले. "पण नव्या घटनादुरुस्तीने बोलत्या घरांनाही हक्क दिलेत. घराने बोलावलं की वॉरंट लागत नाही."

मृण्मयीने मागचं दार ओढून पाहिलं. ते हललं नाही.

पाहुण्यांशी कसं बोलायचं, हे घर तिच्याकडूनच शिकलं होतं.

"या ना, आत या," भिंत म्हणाली. "बूट असू द्यात. बाळ नुकतंच उठलंय."